फाटकावरचा ब्रश

१

मालक सज्ज्यावर एका कुशीवर वाकडे पडले होते आणि त्यांचं डोकं डोक्यासारखं राहिलं नव्हतं.

डोंगर तसा बुटकाच. राजधानीतल्या माणसाने सकाळी निघावं, दुपारपर्यंत दमावं आणि संध्याकाळी घरी जाऊन ‘निसर्गात होतो’ असं चारचौघांत सांगावं, एवढीच त्याची उंची. खाली मालकांच्या खोल्या, वाहनतळ, रोपवाटिका. वर दाट झाडी, आणि माथ्यावर हा लाकडी सज्जा. इथून राजधानी ओतून ठेवलेल्या खडीसारखी दिसते. तेवढं बघायला लोक दर शनिवारी धापा टाकत येतात.

त्या शनिवारी वाटाड्या पाच पाहुण्यांना घेऊन वर पोचला, तेव्हा ऊन नुकतंच फळ्यांवर उतरत होतं. मालक वाकून काहीतरी शोधताहेत असं त्याला वाटलं. त्याने खांद्याला धरून त्यांना उलटं केलं आणि तिथेच फसला. मालकांचा अर्धा चेहरा त्याच्या बाहीला चिकटून आला. एक पाहुणी किंचाळली. एक पाहुणा कठड्याबाहेर वाकून ओकला. तिसऱ्याने फोटो काढला.

शेजारी लोखंडी पहार पडली होती. तिच्या एका टोकाला ओली माती होती, दुसऱ्या टोकाला केस.

वाटाड्या खाली आला तो ती बाही घेऊनच. मग कोणाला काय विचारायची गरज होती? आदल्याच दिवशी, सगळ्यांदेखत, त्याने मालकांची कॉलर धरली होती. त्याचं बाळ सव्वा महिन्याचं. ते रडतं, पाहुण्यांची झोपमोड होते, तेव्हा खोली रिकामी करा, असं मालकांनी सांगितलं होतं. ‘पुन्हा तोंड उघडलंत तर डोकं फोडीन,’ हे वाटाड्याचे शब्द. ऐकणारे दहा-बारा जण.

त्याच दहा-बारा जणांनी त्याला वाहनतळाच्या खांबाला बांधलं. मालकांच्या धाकट्या भावाने कमरेचा पट्टा काढला. दमला तेव्हा त्याने पट्टा दुसऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः मुठीने सुरुवात केली. पोलिसांची जीप वळणावर दिसली, तोवर वाटाड्याचे दोन दात मातीत पडले होते.

२

निरीक्षक बाई अंगाने बारीक. त्यांचं ‘थांबा’ कोणाच्या कानात शिरलंच नाही. त्यांनी हवालदाराची शिट्टी ओढून फुंकली. तरी मारणं चाललंच. मग त्याचीच काठी घेऊन त्यांनी धाकट्या मालकांच्या मनगटावर हाणली. काठी कडकन वाजली.

“माझा भाऊ मेलाय, बाई!”

“म्हणून दुसऱ्याचा नवरा मारताय?”

“हा खुनी आहे!”

“असेल तर त्याला मी नेईन. तुम्ही सोडा, नाहीतर दोघांना नेईन. जीपमध्ये जागा आहे.”

रोपवाटिकेकडून एक पोरसवदा मुलगी धावत आली, छातीशी बाळ. ती आपल्या नवऱ्याजवळ पोचली आणि त्याला कुठे हात लावावा हेच तिला कळेना. कुठेही लावला तरी दुखणारच होतं. तिचा बाप, ज्याला इथे सगळे रोपकाका म्हणतात, रोपवाटिकेच्या दारात पाण्याचा पाइप धरून उभा होता. पाणी एकाच वाफ्यात साचत होतं आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

“द्या इकडे,” निरीक्षक बाई म्हणाल्या. त्यांची स्वतःची पोर घरी सासूकडे होती, दात येत होते तिला. त्यांनी बाळाच्या मानेखाली हात घालून त्याला घेतलं. “आता सोडव त्याला. हळू. आधी खालची गाठ.”

वाटाड्याला रोपवाटिकेच्या पडवीत नेलं. “या, या आत,” रोपकाका म्हणाले. त्यांनी उलट्या कुंड्या बसायला दिल्या, पाणी दिलं. हवालदाराच्या बुटांना वाहनतळाचा चिखल लागला होता. तो त्याने सगळ्या पडवीभर उमटवला, तरी म्हातारा काही बोलला नाही.

बाईंनी त्या पोरीला खरं ते सांगितलं. “दुपारी राजधानीतून गुन्हे शाखेची गाडी येतेय. रक्ताची बाही आहे, धमकी आहे, साक्षीदार आहेत. तोवर मला दुसरं काही सापडलं नाही तर ते याला घेऊन जातील.”

“आणि मग परत कधी?”

बाईंनी बाळ तिच्या हातात परत दिलं.

“तुमचा विश्वास आहे का, यांनी केलंय म्हणून?”

“माझ्या विश्वासाला तिकडे कोणी विचारत नाही गं. काहीतरी हातात पाहिजे.”

बाहेर वाहनतळावर धाकटे मालक मनगट धरून ओरडत होते, ऐकू यावं म्हणूनच. “पोलीस किती वेळ बसतील? जातीलच ना कधीतरी!”

३

वर जायला दोन वाटा. पुढची पाहुण्यांची, पायऱ्यांची. मागची कामगारांची, झाडीतून उतरून रोपवाटिकेच्या मागच्या दाराशी येणारी. दोन्ही वाटांना खाली फाटक, आणि फाटकाशी साखळीने बांधलेला काथ्याचा जाड ब्रश, चिखल उकरायची लोखंडी आकडी, औषधी पाण्याचं घमेलं आणि नळ.

बाई पुढच्या वाटेने निघाल्या. दातांचे एक डॉक्टर आपण होऊन बरोबर आले. दर शनिवारी मुक्कामाला येणारे गृहस्थ. सगळ्यांसारखे मालकांनी दिलेले, एकाच ठशाचे गमबूट घातलेले.

“घासा, घासा,” डॉक्टर फाटकाशी म्हणाले. “पाटी वाचा ना.”

पाटीवर लिहिलं होतं: *खालची माती वर नेऊ नका. मूळकुजीपासून डोंगर वाचवा. चढण्यापूर्वी बूट घासा.*

“मूळकूज म्हणजे?”

“झाडांची कीड हो, मुळात शिरते. खालच्या बागांमध्ये आहे. बुटाच्या चिखलातून येते. वर अजून पोचलेली नाही, म्हणून हा सगळा सोहळा.”

हवालदार एका पायावर उभा राहून घासताना घमेल्यात बसता बसता राहिला. “खुनी पण घासून गेला असेल का, डॉक्टर?”

“घासल्याशिवाय जाणाऱ्याला मीच दोनदा परत पाठवलंय.”

“आणि मालकांशी तुमचं कसं होतं?” बाईंनी चढता चढता विचारलं.

“वाईट. माझी नेहमीची खोली पाडून वाहनं उभी करणार होता. मी त्याला म्हटलं, तुझे दात मी बघितलेत, आतून सगळा पोकळ आहेस तू.” ते थांबून धापले. “आता असं बोलायला नको होतं, नाही का?”

“आज पहाटे कुठे होतात?”

“झोपलो होतो. साक्षीला माझं घोरणं. शेजारच्या खोलीला विचारा.”

माथ्यावर मालक तसेच होते. बाई गुडघ्यावर बसल्या. पहिला घाव मागून बसला होता. तेवढ्यावर माणूस मेलाच असता. पुढचे सगळे तो पडल्यावर, तोंडावर, कपाळावर, पुन्हा तोंडावर. पैशासाठी मारणारा इतका वेळ थांबत नाही. हात नाही, आतलं काहीतरी दमेपर्यंत मारणं चाललेलं होतं.

सज्ज्याच्या अंगाला तीन उंच, देखणी झाडं होती. आसपासच्या झाडांच्या जातीची नव्हेत. त्यांचे शेंडे तांब्यासारखे लाल पडले होते. एकाच्या बुंध्याशी माती ताजी उकरलेली होती.

“ही मालकांनी मोठीच्या मोठी आणून लावली, गेल्या वर्षी, क्रेनने,” डॉक्टर म्हणाले. “उन्हाने होरपळली असतील. बाकी इथली माती म्हणजे सोनं. मी दर खेपेला पिशवीभर घरी नेतो, बाल्कनीतल्या कुंड्यांना. आजही न्यायची होती.” त्यांनी खिशातली घडी घातलेली पिशवी दाखवली आणि ओशाळून परत ठेवली.

रक्ताचे ठसे सज्ज्यावरून मागच्या वाटेला लागले होते. डॉक्टरांना तिथेच थांबवून बाई आणि हवालदार ठशांमागे उतरले. दगडावर एक, मुळावर एक. पुसट होत होत ते मागच्या फाटकापाशी आले आणि थांबले.

ब्रशची मूठ रक्ताने माखली होती. आकडीसुद्धा. खाली चिखलाचे गोळे पडले होते, बुटाच्या तळाच्या खाचा जशाच्या तशा उमटलेले. कोणीतरी एकेक खाच सावकाश उकरून काढली होती.

“हुशार आहे लेकाचा,” हवालदार म्हणाला. “बुटाचं रक्त काढून टाकलं.”

बाईंनी नळाकडे बोट दाखवलं. नळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं, धक्काही न लागलेलं. मग फाटकाच्या खालच्या बाजूच्या लाकडी कठड्याकडे. तिथे चार बोटांचा लाल पंजा होता. उतरतानाचा. ब्रश टाकल्यानंतरचा.

“हाताचं रक्त तसंच ठेवून,” त्या म्हणाल्या, “बुटाचा तळ कोण घासत बसतं हो?”

हवालदाराने डोकं खाजवलं. “वेडा?”

“वेडा नाही. ज्याला रक्ताची फिकीर नव्हती आणि चिखलाची होती, असा माणूस.”

४

मागच्या वाटेने बाई रोपवाटिकेच्या मागच्या दाराशी पोचल्या, तेव्हा रोपकाका समोर आडवे आले.

“थांबा, थांबा. वरून आलात ना? पाय घासा आधी.” त्यांनी स्वतःच खाली बसून बाईंच्या बुटांवरून दारातला ब्रश फिरवला, मग हवालदाराच्या. “पाण्यात बुडवा. दोन्ही. टाचसुद्धा.”

बाईंनी बुडवले. त्यांचं लक्ष आतल्या रडण्याकडे होतं. बाळ भुकेलं होतं, आणि आई नवऱ्याच्या तोंडातलं रक्त पुसत होती. तिने पुसणं थांबवून पदराआड बाळाला घेतलं. वाटाड्याचा एक डोळा पूर्ण मिटला होता, उघड्या डोळ्याने तो बाळाचं पिणं बघत होता.

“बोलता येईल?” बाईंनी विचारलं.

त्याने मान हलवली.

“उतरताना बूट घासतोस का रे?”

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “उतरताना? कशाला? खाली आहेच ना कीड. चढताना घासतो.”

“कधीच नाही?”

“बाई, मी खून केला का ते विचारा ना,” तो फुटक्या ओठांनी म्हणाला. “सगळे तेच विचारतायत. तुम्ही बुटाचं काय विचारता?”

“ते विचारून तू काय सांगणार, हे मला माहितेय.”

धाकटे मालक कचेरीत होते. मनगटाला फडकं बांधलेलं. पाय टेबलावर, आणि बुटांच्या तळाला माथ्यावरच्या तांबड्या मातीचे पापुद्रे, कितीतरी दिवसांचे, थरावर थर.

“भाऊ गेल्यावर हा सगळा डोंगर तुमचा ना?”

“मला विकायचा होता, त्याला नव्हता. पण म्हणून मी सख्ख्या भावाचं...” त्यांचा आवाज चिरकला. मग लगेच चढला. “तो बांधलेला सोडून तुम्ही मला विचारताय?”

“हे बूट कधीपासून घासले नाहीत?”

“ब्रश पाहुण्यांसाठी असतो. त्यांना बरं वाटतं. मी कशाला घासू?”

“दाखवायलाही नाही?”

“दाखवायचं कोणाला? मालक आम्हीच.”

बाई बाहेर आल्या. हवालदार म्हणाला, “झालं. एक घासतच नाही. एक चढताना घासतो, आणि उतरताना वरची माती पिशवीत भरून घरी नेतो. एकाला मार पडलाय, पण तोही तेच म्हणतो. उतरताना कोणी घासतच नाही इथे. मग ब्रश काय भुताने उचलला?”

“कोणीच नाही?”

“कोणीच नाही. मी पण आज आयुष्यात पहिल्यांदा...”

हवालदार बोलता बोलता थांबला. दोघांनीही एकदमच आपापल्या बुटांकडे पाहिलं. वाहनतळाची माती पुन्हा चिकटली होती, पण खाचांमध्ये औषधी पाण्याचा ओलावा अजून होता.

५

बाई पुन्हा मागच्या फाटकाशी गेल्या आणि परत आल्या. या वेळी त्यांच्या मुठीत चिखलाचा एक गोळा होता, खाचांचा ठसा असलेला.

रोपकाका वाफ्यांमध्ये वाकून काम करत होते. हजारो रोपं, बोटभर, वीतभर. डोंगराचीच जात, डोंगरावरच्याच बियांची. बाई मधल्या ओळीतून चालत गेल्या आणि एका रोपापाशी बसल्या. मूठ उघडली.

“नको!”

म्हातारा कुठून धावला ते कळलंच नाही. त्याने बाईंचं मनगट धरून असं पिरगाळलं की त्या आडव्या झाल्या. हवालदार धावला. बाईंनी दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं.

“का नको, काका?” त्या जमिनीवरूनच म्हणाल्या. “वरची माती चांगली असते. पाटीवर तर खालचीच वाईट म्हटलीय. डॉक्टर तर कुंडीत घालतात.”

म्हाताऱ्याने त्यांचा हात सोडला नाही. गोळा त्यांच्या मुठीतून आपल्या ओंजळीत काढून घेतला.

पडवीच्या दारात त्याची लेक उभी होती, बाळ खांद्यावर.

“सकाळी आम्ही खालून चिखल घेऊन आलो,” बाई उठत म्हणाल्या. “तुम्ही काही बोलला नाहीत. खालचा रोग तुमच्या अंगवळणी पडलाय. त्यावर औषध तुम्ही रोज पडवी धुताना घालता, वास येतोय त्याचा. पण वरून आलो, तेव्हा खाली बसून आमच्या टाचा घासल्यात. वर काहीतरी वेगळं आहे, याहून वाईट. आणि ते या अख्ख्या डोंगरावर फक्त एकाला माहीत आहे. ज्याने खून करून उतरताना हात धुतले नाहीत, पण बूट घासले. कारण त्याला इथे, या रोपांमध्ये यायचं होतं.”

“बाबा?” लेक म्हणाली.

रोपकाकांनी मातीचा गोळा औषधी पाण्याच्या घमेल्यात टाकला. तो विरघळेपर्यंत बघत राहिले. मग बोलले, अगदी रोजच्या आवाजात.

“मालकाने आणलेल्या झाडांतून वेगळीच कूज आलीय. तिन्ही झाडांची मुळं काळी पडलीत. एकदा मुळात शिरली की या कुजीला औषध नाही. मी पहाटे त्याला वर नेलं, पहारेने उकरून दाखवलं. म्हटलं, आजच डोंगर बंद करा, ही तीन उपटून जाळा, बाकीचा वाचेल. तो म्हणाला, बंद केला तर लोक येणार कसे. म्हटलं, मग मी जाऊन सांगतो सरकारात. तर हसला. म्हणाला, सांग. मी सांगेन, रोग रोपकाकाच्या रोपवाटिकेतून वर गेला. उद्याच सगळी रोपं पेटवून देतो, पुरावाच नको.” ते थांबले. “पेटवून देतो म्हणाला आणि वळला. पुढचं आठवत नाही असं सांगावंसं वाटतं. पण आठवतं. तो पडल्यावरही हसतोय असं वाटत होतं मला. ते हसू जाईपर्यंत मारलं.”

“आणि यांना बांधलं तेव्हा?” लेक विचारत होती. तिचा आवाज इतका लहान झाला होता की बाळही गप्प झालं. “तुम्ही दारात होतात. मी बघितलं तुम्हाला.”

“संध्याकाळी ट्रक येणार होता गं. रोपं न्यायला. पलीकडच्या डोंगरावर जागा बघून ठेवली होती. ट्रक गेला असता की मी स्वतःच...”

“बाबा, त्यांचे दात पडले.”

“एक दिवस हवा होता फक्त.”

“तो पट्ट्याने मारत होता, मुठीने मारत होता, आणि तुम्ही पाणी घालत होतात.”

म्हातारा हवालदाराकडे वळला. त्याने मनगटं पुढे केली. हवालदाराने बेड्या घातल्या. घालताना तो म्हणाला, “ट्रकचं काय करायचं, बाई?”

“परत पाठवा. तपासणी होईपर्यंत वरचंही कोणी हलणार नाही आणि इथलंही पान हलणार नाही.”

“बरोबर आहे,” रोपकाका म्हणाले. “हलवू नका.”

६

गुन्हे शाखेची गाडी आली तोवर बातमी खोल्याखोल्यांत पोचली होती. सकाळचे तेच दहा-बारा जण वाहनतळावर जमले होते. सकाळी वाटाड्याला बांधलेला दोर अजून खांबाशी पडला होता, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. आता त्यांच्या हातांत दांडकी होती. धाकटे मालक सगळ्यांत पुढे.

“म्हातारा द्या इकडे!”

“बाजूला व्हा,” बाई म्हणाल्या. गाडीतले दोघे शिपाई खाली उतरले आणि एवढा जमाव बघून गाडीलाच टेकले.

“जावई सोडवलात ना आमच्या हातातून? आता सासरा द्या. हिशेब एकच!”

पहिला दगड हवालदाराच्या खांद्यावर बसला. बाईंनी रोपकाकांना मध्ये घेतलं, पण त्यांची स्वतःची उंची म्हाताऱ्याच्या छातीएवढी. दुसरा दगड त्यांच्या डोक्यावरून गेला आणि म्हाताऱ्याच्या कानाशी लागला. रक्त मानेवरून शर्टात उतरलं. तो खाली बसला नाही, हातही वर केला नाही.

मागून वाटाड्या लंगडत आला. त्याने काही न बोलता गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत चढला. दवाखान्यात त्यालाही राजधानीलाच न्यायचं होतं. आत सरकून त्याने सासऱ्याला हाताला धरून वर ओढलं. जमाव एक क्षण बघतच राहिला. ज्याला सकाळी मारलं, तोच मध्ये येतो हे त्यांच्या हिशेबात बसेना.

मग त्याची बायको निघाली. बाळ छातीशी, जमावाच्या मधूनच. तिला वाट द्यावीच लागली.

“ताई, तुम्ही नको,” बाई म्हणाल्या. “बाळ आहे. दगड येतायत.”

“बाळ आहे म्हणूनच. बघते कोण मारतो ते.”

ती चढली. बापाच्या दुसऱ्या बाजूला जागा करून बसली.

“मी तुमच्याशी बोलणार नाही,” ती म्हणाली. “आज नाही, कोर्टात नाही, कधीच नाही. सरका तिकडे.”

म्हातारा सरकला. त्याने बाळाकडे पाहिलं. तिने पाहू दिलं, पण बाळ त्याच्याकडे वळवलं नाही. पलीकडून वाटाड्याने फुटक्या तोंडाने काहीतरी म्हटलं, ‘पोराला टोपी घाल’ असं काहीतरी. तिने पिशवीतून टोपी काढून घातली.

बाई पुढे बसल्या. गाडी निघाली तशी सगळे एकदम धावले. पत्र्यावर दांडकी बडवू लागले, कोणीतरी शिव्या देत मागच्या पायरीवर चढलं आणि पडलं. धाकट्या मालकांनी दोन्ही हातांनी उचललेला धोंडा सरळ खिडकीवर घातला. काचेला भेगांचं जाळं पडलं. दुसरा धोंडा त्यांच्या हातात होताच.

तिने एका हाताने बाळाचं डोकं छातीशी दाबलं, दुसऱ्या हाताने बापाची मान खाली वाकवून आपल्या मांडीशी धरली, आणि खिडकीकडे पाठ फिरवून ती दोघांवर ओणवी झाली.